शटर उघडेपर्यंत

आमचं सोशल मीडिया सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि संध्याकाळी सातला बंद पडायचं. त्याचा सर्व्हर वारंगा फाट्यावरच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरखाली होता. घरी निघताना मेन स्विच बंद करायचा, हा त्या दुकानदाराचा नियम. पूर्वी एकदा वायरिंग जळालं होतं.

"जगातले बाकीचे सर्व्हर रात्रभर चालू असतात," मी म्हणालो.

"असू द्या की. त्यायच्या दुकानाला आग लागली तर ते पाहतील."

मोठ्या कंपनीच्या मंचावर आमचा गट कारण न सांगता बंद झाला होता, म्हणून स्वतःचं केंद्र चालवायचा हा खटाटोप. अशी लहान केंद्रं ठिकठिकाणी असतात आणि एकमेकांशी जोडलेली असतात. आमच्या केंद्रावर वीस-बावीस माणसं होती. संध्याकाळनंतर बाहेरच्यांना आम्ही मेलेले दिसायचो. सकाळी पहिला प्रश्न ठरलेला: "शटर उघडलं का?"

त्यानंतर साखरा गावच्या सरांची पोस्ट यायची. सर निवृत्त शिक्षक. आधी जय भीम, मग शेतातल्या दोन ओळी. हरभऱ्यावर दव आहे. विहिरीला पाणी बरं आहे. आज वानरं आली न्हाईत, करमेना. वीस वर्षं बातम्या लिहून मला इतक्या कमी शब्दांत लिहिता आलं नाही.

सर उन्हाळ्यात गेले. पावसाळ्यात दुकानदार थकला. सर्व्हर भाड्याच्या जागी हलवायचं ठरलं. तिथली व्यवस्था वेगळी होती. जुन्या पोस्ट सोबत जाणार नव्हत्या. प्रत्येकाने आपलं लेखन उतरवून घ्यावं, हे कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी सभासदांची यादी केली. मृताचं नाव यादीतून काढायचं, या कार्यालयीन सवयीने सरांच्या नावावर रेघ मारली. पंधरा दिवसांनी जुनी डिस्क पुसली गेली.

सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, रोज सकाळी चहा झाल्यावर सरांचं जुनं काहीतरी वाचत. त्यांचा फोन आला.

"भाऊ, सर काहून दिसून न्हाई राहिले?"

मी खरं ते सांगितलं.

"तुमी तर पेपरवाले. तुमच्याकडं सगळं जपून ठेवतेत ना?"

या केंद्रांची एक गोष्ट तेव्हा कामी आली. बाहेरचं कोणी तुमचं लेखन वाचत असेल, तर त्याची प्रत त्याच्या केंद्रावर राहते. आठवडाभर शोधल्यावर दूरच्या एका केंद्रावर सरांच्या अकरा पोस्ट सापडल्या. तिथला कोणी अनोळखी माणूस त्यांना वाचत होता. तो कोण, मराठी होता की नाही, हे कळलं नाही. मी साखऱ्याला जाऊन काकूंच्या फोनवर त्या पोस्ट उघडून दिल्या. त्यांनी सगळ्या वाचल्या, दोनदा.

"बाकीच्या?"

"न्हाईत, काकू."

"ह्यायला उत्तर लिहिता येते का?"

येतं, म्हणालो. वानरांच्या पोस्टखाली त्यांनी सावकाश टाईप केलं: जय भीम. तूर फुलावर आली. वानरं काल येऊन गेली.

उत्तर पोस्टखाली दिसलं. ते ज्या खात्याकडे जायला हवं होतं, ते खातं आता कुठेच नव्हतं. काकूंनी फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "ते शटर आता किती वाजता उघडते?"

नवा सर्व्हर दिवसरात्र चालू असतो. मी म्हणालो, "नऊला."