जुनी लायब्ररी पायथनला जोडली तेव्हा

घरच्या आजारपणात माझी नोकरी सुटली ती अकरा वर्षं. पुन्हा मिळाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. आबिड्सजवळच्या एका ऑफिसात भूजलाचा अभ्यास चालायचा, तिथे प्रोग्रॅमर म्हणून लागले. आमची टीम लीड माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, हुशार तेलुगू मुलगी. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, तो सी भाषेतला जुना कोड फेकून देऊ. सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहू."

तो कोड म्हणजे बोअरच्या पाणीपातळीचं गणित करणारी एक लायब्ररी, तयार फंक्शनांचा गठ्ठा. तिनं थोडा भाग पायथनमध्ये लिहून पाहिला होता. उत्तरं बरोबर यायची, पण एका जिल्ह्याला अख्खी सकाळ जायची. सीला तेच काम काही सेकंदांचं.

"फेकू नका," मी म्हटलं. "त्या लायब्ररीला जोडून एक छोटं मॉड्यूल करते. ते पायथनमधून थेट इम्पोर्ट करून, म्हणजे आत बोलावून, वापरता येईल."

"सोमवारपर्यंत बघा," ती म्हणाली. "नाही जमलं तर माझ्या पद्धतीनं."

माझी फाइल कंपाइल झाली. लिंकही झालं, म्हणजे ती लायब्ररीशी जोडली गेली, कसलीच तक्रार नाही. मॉड्यूलची फाइल तयार झालेली पाहून मी खुशीत जेवणाचा डबा उघडला. पण इम्पोर्ट करताच एरर आली, अनडिफाइन्ड सिम्बॉल. म्हणजे गणिताचं मुख्य फंक्शनच पायथनला सापडेना. लायब्ररी उघडून पाहिली तर त्याचं नाव तिथे ढळढळीत होतं! तीन दिवस मी फाइली पुसत होते, पुन्हा बनवत होते. नेटवरचे सगळे उपाय करून झाले. शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, "राहू द्या ना मॅडम." त्यानं चांगल्या मनानं म्हटलं, पण मला ते लागलं.

त्या कोडच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तो लिहिणाऱ्याचं एकच नाव होतं. शुक्रवारी पेन्शनरांच्या यादीतून त्या गृहस्थांचा नंबर काढला आणि फोन लावला. "मलकपेठ में हूँ, अम्मा," ते म्हणाले. "इतवार को लॅपटॉप लेके आ जाओ."

रविवारी सकाळी मी बरकतपुऱ्याच्या माझ्या घरून रिक्षानं गेले. सत्तरी ओलांडलेले साहेब जाड चष्मा लावून माझी वाटच पाहत होते.

"पायथन मेरे को नै आता," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "तुम्हारी लिंक की कमांड पढ़ो. जोर से."

मी वाचायला लागले. आधी कंपायलरचं नाव, मग लायब्ररीचं, मग माझ्या फाइलचं. त्यांनी हात वर केला.

"रुको. लिंकर किधर से पढ़ता?"

"डावीकडून... बाएँ से."

"लायब्ररी पे पहुँचा, तब तक किसी ने कुछ माँगा क्या?"

"नाही."

"तो वो खाली हाथ आगे निकल गया. बाद में तुम्हारी फाइल ने फंक्शन माँगा, तो देनेवाला पीछे छूट गया."

"मग तेव्हाच एरर का नाही आली?"

"ऐसे मॉड्यूल में वो चुप रैता. समझता, चलाते टाइम किधर से तो भी मिल जाएगा."

मी लायब्ररीचं नाव उचलून ओळीच्या शेवटी नेलं. बस, तेवढंच. पुन्हा लिंक केलं, इम्पोर्ट टाइप केलं आणि एंटर दाबलं. एरर आलीच नाही. कर्सर मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला. मी खुर्चीतून उठलेच!

एका जिल्ह्याचे आकडे दिले. साहेब चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढेपर्यंत उत्तरं स्क्रीनवर हजर.

"ये मेरा फंक्शन चला?"

"हौ साब. तुमचंच."

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अजी सुनते क्या! इधर आओ!" त्या पदराला हात पुसत आल्या, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतवार को बी दफ्तर?" आम्ही दोघं मोठ्यानं हसलो.

सोमवारी मीटिंगमध्ये प्रोग्रॅम सुरू केला. "हे चालतंय तोवर दुसरा विषय घेऊ," असं लीड म्हणत होती. तिचं वाक्य संपायच्या आत जिल्हा संपला. तिनं आपली पायथनची उत्तरं काढून एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे जुळले. मग खुर्ची ओढून ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"मॅडम, अशा आणखी चार लायब्ररी आहेत. मला शिकवा."

त्या संध्याकाळी दुसरी लायब्ररी तिनं स्वतःच्या हातानं जोडली, आणि पहिल्याच झटक्यात इम्पोर्ट झाली.