बाबांच्या टाकीतलं दुसरं गवत

आईचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला ऑफिसात होते. "मासे वर येऊन तोंड उघडून राहिले. मी सांगतलं म्हणून बाबाले सांगू नको." बडनेऱ्याहून मिळाली ती गाडी धरली आणि अकोल्याला पोचले.

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो. दुकान सुटलं. माशांची काचेची टाकी तेवढी त्यांच्याकडे राहिली. मागच्या खेपेला मोर्शीची आत्या फुलांच्या वाफ्याच्या कडेला लावतात त्या गवताचे झुबके घेऊन आली होती. "तुह्या टाकीत हायेच हे." भावाकडे ती रिकाम्या हातानं येत नाही, आणि तिनं आणलेलं आमच्याकडे कुणी बाजूला ठेवत नाही. बाबांनी डाव्या हातानं एकेक काडी वाळूत रोवली. आजारानंतर त्यांनी एकट्यानं केलेलं ते पहिलं काम. आईनं त्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात जुनं आणि नवं गवत सारखंच दिसत होतं.

टाकीसमोर बसल्यावर फरक दिसू लागला. जुनं, व्हॅलिसनेरिया नावाचं पाणगवत, फिकट, पाण्याबरोबर डुलणारं. आत्याचं गडद, जागचं न हलणारं, बुडाशी तपकिरी. ते पाण्यातलं नव्हतंच. कुजत होतं आणि पाणी नासवत होतं.

"हे काढावं लागेल, बाबा."

"काहून वं? लागलं ना ते."

अशा वेळी माझं मराठी आणखीच कोरडं होतं. मी दोन्हींची एकेक काडी उपटून त्यांच्यासमोर धरली. व्हॅलिसनेरिया ओल्या दोऱ्यासारखं बोटांवरून लोंबलं. दुसरं ताठ उभं राहिलं.

बाबा पाहत राहिले. "म्हणजे उभं राह्यलं ते खराब?"

"पाण्यात खराब," मी म्हणाले. "पाणीही बदलायला हवं."

"नळ परवा येते. पिण्याचं देऊ का मंग माशायले?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि भरलेली बादली घेऊनच बाहेर आली.

मी बाही वर सारली. बाबांनी मान हलवली. "मी लावलं, मीच काढतो."

त्यांनी डावा हात पाण्यात घातला. "हे?"

"हो."

"आन् हे?"

"नाही, ते राहू द्या."

मोठा गोल्डफिश एका कुशीवर कलला होता. माझ्या हातानं हे काम कितीतरी लवकर झालं असतं. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसले.

एक काडी बाबांनी न विचारताच उपटली. ती त्यांच्या बोटांवर लोंबली. ते थांबले आणि तिला परत वाळूत खोचू लागले. ती निसटून वर आली. त्यांनी पुन्हा खोचली.

"आत्याले काय सांगसान?" आईनं विचारलं.

"माशायनं खाल्लं म्हनून सांगू."

आई हसली. गोल्डफिश अजून वरच होता.