डाव्या गालाची खूण

ताईंच्या डाव्या गालावर माशी बसली तर ती हाकलायला दुसऱ्या कुणाला हात उचलावा लागे. त्यांना कळतच नसे. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, सरकारी कचेरीत नोकरी केली आणि मनीषनगरला आमच्याच घरी राहिल्या. चेहऱ्याची एक बाजू हळूहळू आत ओढून नेणारा आजार त्यांना विशीतच जडला होता. इतका दुर्मीळ, की डॉक्टरांनाही पुस्तक उघडावं लागलं. गाल खोल गेला आणि डावी बाजू बधिर झाली.

माझी मुलगी त्या गालाची पापी घ्यायची तर म्हणायच्या, "इकडे दे वं, तिकडली चिठ्ठी पोचत नाही." जेवताना गाल दाताखाली आला तरी दुखायचं नाही. तोंडात रक्ताची चव आली की मग समजायचं. त्याचंही त्या हसूच करायच्या.

गालावर भाताचं शीत लागलं की आमचे हे स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावत. बस, एवढंच. ताई पुसून घेत. लग्नाच्या पंगतीत, चार रांगा पलीकडून, कुणाशी बोलता बोलता ह्यांचं बोट गालावर जाई. एवढं लक्ष! आणि मी नवी साडी नेसून तासभर समोर वावरले तरी ह्या माणसाला पत्ता नसे. जळायचे मी, खोटं कशाला सांगू? आजारी बाईचा हेवा शोभत नाही हे कळत होतं, तरी जळायचे.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी हे मौद्याला ड्यूटीवर होते. जाताना म्हणाले, "तिच्याकडे लक्ष ठेवजो." कचेरीतल्या निरोप समारंभात मी पहिल्याच रांगेत बसले. साहेबांनी केक भरवला आणि डाव्या गालावर पांढरं क्रीम लागलं. ताई बोलायला उभ्या राहिल्या, आधी माझ्याकडे पाहिलं. गालाला बोट लावायचं, एवढंच माझं काम. माझा हात मांडीवरच राहिला. खूण नाही म्हणजे चेहरा स्वच्छ, असं समजून ताई दहा मिनिटं मनापासून बोलल्या. माझ्या मागे दोघीजणी पदराआड हसत होत्या.

घरी येऊन त्यांनी आरशात पाहिलं, वाळलेलं क्रीम नखानं खरवडलं. दुसऱ्या दिवशी फोटो मोबाइलवर आले आणि ह्यांचा आवाज चढला. "तू तिथंच होती ना? काहून नाही सांगितलं?" ताईच मधे बोलल्या, "तिनं केली होती खूण. मीच पाह्यलं नाही."

स्वयंपाकघरात मला रडू फुटलं. ताईंनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, मान वर न करता म्हणाल्या, "मले गालाचं समजत नाही वं, बाकीचं समजते."

त्यानंतर ह्यांच्याआधी माझं बोट वर जायला लागलं. त्यातही चढाओढ होतीच, स्वभाव कुठे जातो? दोन्हीकडून खुणा झाल्या की ताई म्हणायच्या, "एका गालाले दोन चौकीदार!"

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. छातीत दुखलं आणि दोन दिवसांत खेळ आटोपला.

परवा माझी उजवीकडची दाढ काढली. भूल उतरेपर्यंत खाऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते, पण भूक कुठली थांबते? ह्यांच्यासमोर बसून वरणभात खाल्ला. हात धुवायला उठले तेव्हा आरशात दिसलं, उजव्या गालभर वरण. हे इतका वेळ समोर होते, माझ्याशी बोलत होते. मी ते पुसलं नाही. तशीच येऊन पुन्हा समोर बसले. म्हटलं, बघू तरी.

बऱ्याच वेळानं ह्यांनी वर पाहिलं. घास तसाच थांबला आणि बोट गालावर गेलं. डाव्या.

मी पदरानं माझा कोरडा डावा गाल पुसला.