नळाचं फडकं

सकाळी गल्लीतल्या नळावर शेजारची नवी सून पाणी भरत होती. सातवा महिना असावा. नळाच्या तोंडाला तिने पांढरं फडकं दोऱ्याने घट्ट बांधलं होतं.

मी विचारलं, "पिण्याचं पाणी उकळतेस ना गं?"

"दुहेरी बांधलंय काकू, कण येत नाही," ती हसली. "तुम्ही तर नर्सबाईच झालात."

वीस वर्षांपूर्वी मीही असंच उत्तर दिलं असतं. आई नव्हती, म्हणून धाकटी बहीण लता पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. नळाचं फडकं मी रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवायची. गटाराच्या कडेने गेलेला नळाचा पाइप फुटलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. मैल्यातून पाण्यात उतरलेला काविळीचा विषाणू फडक्यातून सहज पार होतो आणि गरोदर बाईला तो सोसत नाही, हेही डॉक्टरांनी नंतरच सांगितलं. कावीळ झाल्यापासून आठ दिवसांत लता गेली. बाळही गेलं.

मी त्या मुलीला पुन्हा सांगितलं, या वेळी जरा दरडावूनच. ती "बरं, उकळते" म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन गेली. फडकं नळालाच राहिलं. त्यातून थेंब पडत होते, अगदी नितळ.

तेव्हाही नितळच होते. लताला पेला देण्याआधी मी तो खिडकीच्या उजेडात धरून बघत असे.