शकूरभाई कव्हरवाले

सीडी पूर्ण ऐकल्याशिवाय शकूरभाई तिचं कव्हर करत नसत. आठ गाणी असोत नाहीतर अठरा, माणूस हेडफोन लावून, डोळे मिटून, उजवा हात माऊसवर ठेवून बसायचा. त्या काळात अकोल्यात गाता न येणाऱ्या माणसाला सीडी काढण्यापासून रोखणारी कुठलीच यंत्रणा नव्हती, आणि जठारपेठेतलं माझं सीड्या करून द्यायचं दुकान तर अशाच लोकांवर चालायचं. शकूरभाईंनी काय काय सोसलं असेल, तुम्हीच ठरवा.

"कव्हरले कान नसते, शकूरभाई," मी म्हणायचो.

"बिना आयकता फोटो टाकला, मालक, तं ते रेशन कार्ड झालं," ते हेडफोन न काढता म्हणायचे. 'मालक' या शब्दातला आदर शोधायला भिंग लागलं असतं.

मूळचे पातूरचे. हाडाचे पेंटर. अर्ध्या शहरातल्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, तेव्हा पन्नाशीतला हा गृहस्थ कॉम्प्युटर शिकला. माऊससुद्धा ब्रशसारखा दोन बोटांत धरायचे. कव्हराचं सॉफ्टवेअर म्हणजे बारा सेंटिमीटरची चौकट आणि तिच्यात एकावर एक थर: खाली रंग, त्यावर फोटो, त्यावर अक्षरं. आमच्या गिऱ्हाइकांची रुची उच्च असल्यामुळे त्यांना धबधबा, दोन हंस, उगवता सूर्य आणि बदामाच्या आकारात स्वतःचा चेहरा एवढंच लागायचं. अमरावतीचे एक हौशी गझलगायक टकलावर केस बसवून मागत होते. शकूरभाई अदबीनं म्हणाले, "केस देतो ना साहेब. पन आवाज हाय तोच राहीन." साहेब गेले, ते परत आले नाहीत.

कव्हराच्या मागच्या बाजूला ढोलकीवाल्यापासून कोरसमधल्या शेवटच्या मुलीपर्यंत सगळ्यांची नावं घालायची, हा त्यांचा हट्ट. जागा वाया जाते म्हणून मी कुरकुरायचो. "तोंड सारेच पायतेत, मालक. पाठ ज्याची त्याच्या घरचेच वाचतेत. त्याईच्यासाठी लिवा लागते."

अशा माणसाकडे नांदगाव खंडेश्वरहून शेवंताबाई आल्या. भुलाबाईची गाणी त्यांच्याइतकी कुणाला पाठ नव्हती. पंचावन्नच्या आसपास वय, उन्हानं रापलेला चेहरा, पुढचा एक दात नाही. कोजागिरीला गावातल्या मुलींना खिरापत म्हणून आपल्या गाण्यांच्या सीड्या वाटायच्या, एवढीच त्यांची हौस. शकूरभाईंनी ती सीडी दोनदा ऐकली. मग बाईंना दुकानाच्या दारात, उजेडात उभं केलं, काहीतरी बोलून हसवलं आणि त्या हसण्याचा फोटो घेतला. कव्हरावर फक्त तो चेहरा आणि नाव. धबधबा नाही, हंस नाही.

मला मात्र त्यात धंदा दिसला. चार सीड्या दुकानातही ठेवू, असा माझा विचार. "एखादी देखणी बाई टाका," मी म्हटलं.

"गायलं कोनं?"

"लोक कव्हर पाहून घेतात, शकूरभाई."

"मंग तिलेच गावाले लावा," ते म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता.

शुक्रवारी ते नमाजला गेले. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थराच्या शेजारी एक चिमुकला डोळा असतो. डोळ्यावर क्लिक केलं की तो थर दिसेनासा होतो. मी क्लिक केलं. शेवंताबाई मावळल्या. त्यांच्या जागी इंटरनेटवरची एक नऊवारीतली, नथ घातलेली, सगळे दात असलेली मुलगी बसवली. कव्हरं छापली, कापली, डब्यांत घातली. एवढी तत्परता मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामात दाखवलेली नाही.

शकूरभाई परत आले आणि पाठोपाठ शेवंताबाईही. त्यांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"हे कोन व्हय?"

त्यांनी कव्हरावरच्या नथीवर बोट ठेवलं.

"गानं मायं अन तोंड हिचं? पोरी इचारतीन ना, आजी, तुवं तोंड दाखोयासारखं नव्हतं काय? कोनं केलं हे?"

इथपर्यंत आलो की आजवर मी 'मग मी गप्प राहिलो' असं सांगत आलोय. गप्प राहणं त्यातल्या त्यात सभ्य दिसतं. खरी गोष्ट अशी की मी शकूरभाईंकडे बोट दाखवलं. "कव्हरं हेच करतात," मी म्हटलं. वाक्य तसं खोटं नव्हतं, या समाधानावर मी पुष्कळ वर्षं काढली.

शकूरभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. मग बाईंना म्हणाले, "सांजेपर्यंत दुसरे करून देतो, बाई."

"तुया हातचं आता काईच नोको." बाईंनी सगळ्या डब्या उघडून कव्हरं टेबलावर टाकली आणि उघड्या सीड्या पिशवीत भरून निघून गेल्या.

शेवंताबाईंना गावोगावच्या गाणाऱ्या बाया ओळखत. त्या जिथे गेल्या तिथे सांगत गेल्या, अकोल्याचा शकूर मानसाचं तोंड पुसते. भजनी मंडळं आली की आधी विचारायची, "तो शकूर तं नाही ना करनार?" ज्या माणसानं कुणा कोरसवालीचं नाव कधी गाळलं नाही, त्याच्याबद्दल. मी म्हणायचो, "नाही नाही, मी स्वतः करतो." ते शेजारीच बसलेले असायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्ही बाईंना खरं का सांगितलं नाही?"

"तुमी सांगान म्हून थांबलो, मालक," ते म्हणाले आणि हेडफोन लावला.

पुढे सीड्याच बंद झाल्या. शकूरभाई पातूरला गेले. गेल्या हिवाळ्यात वारले. मी कबरस्तानात गेलो, सगळ्यांत मागे उभा राहिलो. तिथं कुणी मला काही विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्यानं नांदगावची एसटी पकडली. शेवंताबाई सत्तरी ओलांडून ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. डोळा, क्लिक, बोट, सगळं. त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"मेला तो?"

"हो, मावशी."

"अन तू आता सांगून राहिला."

मी मान खाली घातली. त्या बाबतीत मी तरबेज आहे.

"मले एकटीले सांगून काय होते? मी का एकटीले सांगतलं होतं?" त्या उठल्या, गल्लीत तोंड करून ओरडल्या, "वो सुमनबाई! ये गे कुसुम! इकळे या सार्‍या!"

सहा-सात जणी जमल्या. कुणी पिठाच्या हातानं, कुणी नातू कडेवर घेऊन.

"सांग आता. पयल्यापासून."

मी सुरुवात केली. मागे उभी असलेली एक म्हातारी कानाशी हात नेऊन पुढे वाकली.

"मोठ्यानं," शेवंताबाई म्हणाल्या. "तिले कमी आयकू येते."