इस्त्रीच्या दुकानातली पाहुणी

चार वर्षांनी लेक घरी आली, आणि आईने तिला बसायला खुर्ची दिली. खुर्ची! इस्त्रीच्या त्या दुकानात बसायची सोय होती ती फक्त गिऱ्हाइकांसाठी. घरची माणसं दिवसभर उभीच असायची.

जाताना हिनेच तोंड सोडलं होतं, "लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढण्यात जन्म नाही घालवायचा मला." मग पाठीला पिशवी लावून ती डोंगराकडच्या एका शेतावर राहायला गेली. तिथे तिच्यासारखीच वीसेक मंडळी. कुलूप नाही, घड्याळ नाही, माझं-तुझं नाही, इस्त्रीचं तर नावच काढू नका. सगळं सगळ्यांचं. फक्त उष्टी भांडी तेवढी कुणाचीच नव्हती, आणि शेवटी त्या भांड्यांवरूनच तो संसार मोडला.

आता ती दुकानामागच्या खोलीत राहत होती. कुणी वाकडा शब्द काढत नव्हतं. तिच्या गुंता झालेल्या केसांकडे बघून वडील नुसते खाकरायचे. आई तिला सगळ्यांच्या आधी वाढायची, "बाळा" म्हणायची. पूर्वी हीच आई उठता-बसता "भवाने" म्हणून तिचा उद्धार करायची. आता लेकीने कपड्यांच्या गठ्ठ्याला हात लावला की म्हणायची, "राहू दे, तू दमली असशील." महिना होत आला, इतकं कोण दमतं? या गोडव्याने पोरीचा जीव कासावीस व्हायचा. एकदा आईने आपल्यावर मनसोक्त ओरडावं, एवढंच तिला हवं होतं. पाहुण्यांवर कुणी ओरडत नाही.

एका दुपारी आई पाणी प्यायला आत गेली आणि हिने इस्त्री उचलली. समोर पांढरा शर्ट होता. तिने कॉलर पसरली आणि मधून टोकाकडे इस्त्री फिरवली. टोकाशी कापड गोळा होऊन छानपैकी चुणी पडली.

आई दारातच उभी होती. "असू दे, बाळा," ती म्हणाली.

पोरीचे डोळे भरून आले. मान खाली घालून तिने कॉलरवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा मधूनच सुरुवात केली.

आता मात्र आईच्याने राहवेना. "अगं भवाने, टोकाकडून मधे! कितीदा सांगायचं तुला? लक्ष कुठे असतं? आणि ते केस बांध आधी, भाजून घेशील!"

पोरगी दोन्ही हातांनी केस बांधू लागली. आईने ती खुर्ची पायानेच गिऱ्हाइकांच्या बाजूला सारली आणि उरलेला गठ्ठा लेकीपुढे आदळला.