गयाच्या मापाचे गमबूट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पोरीपाशी नाही, भावापाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला पाहिजे होतं तिच्यापाशी तर नाहीच. माझी बायको गया आता गेली. शाळा माझी चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं येतंय. आज राग येतोय म्हणून जास्तच वाकडं.

राग कशाचा? परवा तिच्या पुण्यानुमोदनाला लोक जमले. एकेक जण उठून बोलला, मिस्त्रीसारखा नवरा मिळायला नशीब लागतं. थोरली लेक रडत म्हणाली, बाबा रोज संध्याकाळी आईच्या तळव्यांना तेल चोळायचे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. उठून ओरडावं वाटत होतं, गप बसा सगळे! बसलो आपला गुमान.

तेल का चोळायचो, ते सांगायचंय. पण सरळ सांगता येत नाही — बघतो.

मी गवंडी, गया बिगारी. गाव सोडून आलो तेव्हा वाशीत जिकडं बघाल तिकडं इमारती उठत होत्या. दोघं एकाच साइटवर. मी वर भिंतीला, ती खाली मालावर. माल म्हणजे सिमेंट, वाळू, खडी पाण्यात कालवलेली. मशीन कुठली? बाया त्यात अनवाणी उभ्या राहून फावड्यानं ओढायच्या. ओलं सिमेंट पाय खातं, हे तुम्ही फ्लॅटात राहणाऱ्यांनी बघितलं नसेल. आधी कातडी पांढरी पडते, मग बोटांच्या बेचक्यात भोकं पडतात, रक्त येतं. गया घरी आली की हळद लावून फडकं गुंडाळायची. सकाळी परत मालात.

आम्हा बाप्यांना ठेकेदारानं गमबूट दिले होते. जाड, काळे, पाण्याचा थेंब आत येणार नाही असे. माझा जोड कितीतरी वर्षं टिकला. वस्तू खरी होती, खोटं का बोलू?

खोटं. हा शब्द आलाच शेवटी.

एकदा ठेकेदारानं गयाचे पाय बघितले असावेत. तसा कडक माणूस, शिव्या देणारा. पण दुसऱ्या दिवशी लहान मापाचा एक जोड घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "बायकोला दे. तिनं घातले तर बाकीच्या बायांनाही आणतो."

जेवणाची सुट्टी होती. सेंटरिंगवाला दगडू समोर बसला होता. "काय मिस्त्री, मॅडमना बूट? उद्या थापी तिला दे, तू घमेलं उचल!" दुसरा म्हणाला, "आरं, घरी पालिश पन हाच मारतो!" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पायात बूट होते, त्याला कुणी हसत नव्हतं — हे मला तेव्हा कळलं नाही? कळलं होतं. चांगलं कळलं होतं. तरी तो जोड मी सिमेंटच्या गोण्यांमागं फेकला.

ठेकेदार मला काहीतरी देताना गयानं लांबून बघितलं होतं. संध्याकाळी विचारलं, "काय देत व्हते वो तुमाला?" मी म्हणालो, बूट होते, पण बाप्यांचे. बायांच्या मापाचे निघतच नाहीत. ती म्हणाली, "आसंल." एवढंच. माझ्या शब्दावर तिचा केवढा विश्वास, आणि मी—

पुढचं सांगतो, थांबलो तर परत लिहिणार नाही. सारसोळ्याचा एक कोळी साइटवर मासळी विकायला यायचा. त्याला ते बूट दिसले. "मना दे रं. घरवालीचं पाय खडकावरची कालवं काढताना फाटतान." मी दिले. त्यानं मला टोपलीत उरली होती ती सगळी कोळंबी दिली. बूट काखेत मारून तो सगळ्यांच्या देखत चालायला लागला. दगडू त्यालाही हसला. तो वळून म्हणाला, "हस. तुझं पाय नाय फाटत!" आणि गेला. तोही माझ्यासारखाच एका बाईचा नवरा होता ना?

ती कोळंबी गयानं सोलली, रांधली. खूश होती. "आज लाटरी लागली का काय?" मोठी मोठी माझ्या ताटात टाकली. मी खाल्ली. बोटं चाटून खाल्ली.

ठेकेदारानं विचारलं, बूट कुठंयत? मी म्हणालो, घालत नाही ती. चावतात म्हणते, टाकून दिले. तो चिडला. बाकीच्या बायांचे बूट आलेच नाहीत. माझ्या बायकोचेच पाय नाही खाल्ले मी, सगळ्या टोळीचे खाल्ले.

तेव्हापासून मी तेल चोळायला लागलो. ती लाजायची, पाय मागं ओढायची. हा माझा चांगुलपणा.

पुढं आम्ही नेरुळच्या साइटवर गेलो. ठेकेदार वेगळा, मुकादम वेगळा. एका नव्या बिगारणीनं बूट मागितले. मुकादम म्हणाला, "बायांना देऊन काय उपयोग? टाकून देतात. सगळ्यांना माहीत हाय." माझं खोटं माझ्याआधी नेरुळला पोचलं होतं. मी वर भिंतीला, थापी हातात. तोंड उघडलं? नाही. खाली गयाच त्या पोरीची समजूत घालत होती.

या वर्षी दवाखान्यात नर्सनं तिच्या अंगावरचं पांघरूण सरकवलं आणि पाय बघून थांबली. काळे डाग, जाड भेगा, बोटं एकमेकांना चिकटलेली. गयानं पाय ओढून घेतले. म्हणाली, बिल्डिंगच्या कामावर व्हते, सिमेंटचं हाय. नर्स म्हणाली, "आजी, बूट नव्हते का देत तुम्हाला?"

"बायांच्या मापाचे निघतच नव्हते तवा," गया म्हणाली.

नर्स माझ्याकडं वळली. "हो का, आजोबा?"

मी म्हणालो, हो.